तबले विकायला काढताना

आमची इमारत पुनर्विकासाला गेली. नवं घर मिळेपर्यंत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचं ठरलं आणि डोंबिवलीतल्या जुन्या घरातली माझी तबल्यांची खोली एकदम सगळ्यांच्या डोळ्यांवर आली. तबले, डग्गे, एक पखवाज, एक ढोलकी, संबळाची जोडी, दिमडी. नेमकी त्याच सुमारास मला एक नवी जोडी हवी होती, आणि चांगल्या जोडीला चांगले पैसे पडतात. नवऱ्याचं गणित सरळ होतं: हे सगळं विकून टाक, एक झकास जोडी घे, जागाही सुटेल. गणित बरोबरच होतं. पण तबले विकायला काढले की गणितापलीकडच्या बऱ्याच गोष्टी समजतात. त्या इथे नोंदवते. आकडे घातलेत ते वाचायला सोपं जावं म्हणून, त्यात लहान-मोठं काही नाही.

१. यादी वाद्यांची नको, पट्ट्यांची करा.

नग मोजले तर प्रत्येक नग लाडका वाटतो. पट्ट्या मोजल्या की डोकं ताळ्यावर येतं. प्रत्येक तबल्याची एक पट्टी असते, म्हणजे तो ज्या स्वराला लागतो ती पेटीची पट्टी. तोंडाची रुंदी, लाकडी खोड, त्यावर चढवलेली कातड्याची पुडी आणि तिच्यावरची शाई यांनी ती ठरते. सव्वापाच-साडेपाच इंची तोंडाचा तबला काळी एक, पांढरी दोनला खणखणतो. काळी चारच्या षड्जाला सहा इंचांचं किंवा त्याहून जरा मोठं तोंड लागतं. ठोकून-ठाकून तबला अर्धा-एक स्वर इकडेतिकडे जातो. त्याहून खाली उतरवला तर बोल बसके होतात, त्याहून वर चढवला तर पुडी लवकर जाते.

माझी यादी अशी निघाली: काळी एकचे तीन, पांढरी दोनचे दोन, काळी दोनचा एक, काळी पाचचे दोन. काळी चारचा एकही नाही. आणि गरज नेमकी त्याचीच होती. ज्या गायिकेच्या साथीला मी सगळ्यात जास्त बसते, त्यांचा आवाज वयानुसार काळी पाचवरून काळी चारवर उतरला होता. माझे दोन्ही काळी पाचचे तबले तिथपर्यंत खाली येत, पण आल्यावर त्यांच्यात जीव उरत नसे.

इथे एक पळवाट असते आणि ती प्रत्येक तबलजीला माहीत असते. काळी चारच्या गाण्याला काळी एकचा तबला मध्यमात लागतो आणि काळी दोनचा पंचमात. मालकंस, बागेश्री असेल तर मध्यमातला तबला छान मिसळतो. पण यमनला शुद्ध मध्यमात तबला लावून बसलात तर गायिका मान वळवून बघेल, आणि तिने बघावंच. यमनला पंचम चालेल. मारव्याला तोही चालत नाही, कारण मारव्यात पंचम नाही आणि शुद्ध मध्यमही नाही. तिथे षड्जच हवा. रागांची अशी उजळणी केल्यावर माझी मला खात्री पटली की नवा तबला ही हौस नव्हती. ही खात्री ज्यांना पटत नाही त्यांनी विकण्याचा विचार तिथेच थांबवावा. हौसेसाठी जुनं विकणाऱ्याला दोन-तीन वर्षांनी नवी हौस सुचते आणि तेव्हा विकायला काही शिल्लक नसतं.

२. तबला कंटाळवाणा वाजतोय म्हणून विकू नका. आधी पुडी बदला.

आपल्या वाद्यांतला हा मोठा फरक लोकांच्या लक्षात येत नाही. मिरजेच्या सतारींना आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला जुना, नीट जपलेला तानपुरा मुरलेला म्हणून जास्त मान खातो. तबला मुरतो तो अर्धाच. खोड मुरतं, पुडी मरते. बकऱ्याचं कातडं, त्यावर खळ आणि लोहकिसाच्या भुकटीचे एकावर एक थर देऊन घोटलेली शाई, हे सगळं वापरानं आणि हवेनं झिजायचंच. शाईच्या कडा सुटल्या, पुडीच्या कडेची चाट पातळ झाली, की उत्तम खोडही खोकला झाल्यासारखं बोलतं.

आणि आवाजाची सगळी करामत त्या शाईत आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये आणि पुढे १९३४ च्या सविस्तर निबंधात हेच दाखवलं. साध्या ताणलेल्या कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत, म्हणून ढोल नुसता दणका देतो. मधोमध शाईचं वजन आलं की कातड्याची कंपनं बदलतात आणि पहिले काही स्वरांश मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीत बसतात. म्हणून तबला स्वरात लागतो. थोडक्यात, पुडी गेलेल्या तबल्यावरून त्या तबल्याची पारख करणं म्हणजे तार तुटलेल्या सतारीला नावं ठेवणं.

मी विकायला काढलेल्यांपैकी एका काळी एकच्या तबल्याला केवळ गिऱ्हाइकाला बरा दिसावा म्हणून नवी पुडी चढवून घेतली. महिनाभर वाजल्यावर ती पुडी मोकळी झाली आणि तो तबला विकण्याच्या यादीतून निघून गेला. त्याच्या जागी माझा नेहमीचा, आवडता, काळी एकचा तबला विक्रीला गेला. हे सांगताना अजूनही जरा जड जातं, पण शेजारी शेजारी ठेवून वाजवल्यावर कानांनी जो निकाल दिला तो दिला.

३. खोडाची किंमत खोडावरून करा, गोष्टीवरून नाही.

जुन्या वाद्यांच्या बाजारात प्रत्येक तबल्याला एक गोष्ट असते. उस्ताद अहमदजान थिरकवाँ गंधर्व नाटक मंडळीत होते, हे खरंच आहे. पण त्यानंतरच्या काळातला महाराष्ट्रातला प्रत्येक जुना तबला एकदा तरी खाँसाहेबांच्या हाताखालून गेला असावा, असं विकणाऱ्यांचं बोलणं ऐकून वाटतं. पुरावा असेल तर गोष्टीला खरंच किंमत येते. रिंगो स्टारचा पहिला लडविग ड्रमसेट २०१५ च्या लिलावात २० लाख डॉलरच्या वर गेला. ते पैसे लाकडाचे नव्हते. आपल्या घरातल्या तबल्याला असा पुरावा नसतो. तेव्हा गोष्ट बाजूला ठेवायची आणि खोड हातात घ्यायचं.

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट वजन. जड, भरीव लाकूड हवं. शिसव, खैर, बीजा अशांचं. आंब्याचं हलकं खोड शिकाऊ जोडीला ठीक. मग पुडी उतरवलेली असताना आत बघायचं: भिंत सगळीकडे सारखी जाड आहे का, तोंडाची कड सपाट आहे का, कोरणं सफाईचं आहे का. बाहेरून पॉलिश करून चिरा बुजवलेल्या असतात, आतून बुजवायचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड लागलीय. ते खोड विकू नये, विकत तर घेऊच नये, आणि इतर खोडांजवळ ठेवू नये.

४. डग्ग्याबाबत घाई नको.

स्टीलचा डग्गा खुशाल काढा. तांब्याचा काढताना दहादा विचार करा. मला पहिला भाव एका मोडवाल्याने किलोवर सांगितला, आणि खरं सांगायचं तर दुकानदाराने सांगितलेला भावही त्याच्याहून फार वर नव्हता. जड तांब्याच्या डग्ग्याचा घुमारा, घिस्सा घेतल्यावर मागे रेंगाळणारी आस, यांचे पैसे जुन्या मालाच्या सौद्यात कोणी देत नाही. नवा घ्यायला गेलात की मात्र त्याच गोष्टींचे मोजून घेतात.

५. दुकानदाराच्या आधी पुडीवाल्याला विचारा.

दुकानदाराला माल दिसतो. पुडीवाल्याने प्रत्येक खोड उघडं पाहिलेलं असतं. माझ्याकडची सगळी वाद्यं वर्षानुवर्षं एकाच काकांच्या हाताखालून जातात. सगळी यादी घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी यादी बघितलीच नाही. म्हणाले, “ताई, तो बुटका खैराचा विकणार असाल तर बाहेर नका देऊ. मला द्या.” हे ऐकून मी तो बुटका खैराचा पुन्हा कपाटात ठेवला. काकांना माझ्या या वागण्याचा राग आला नाही, ते हसले आणि म्हणाले, “तेच सांगत होतो.”

विकायच्या बाकीच्या दोन तबल्यांबद्दल मात्र ते स्पष्ट बोलले. एकाच्या तळाशी जुनी चीर होती, आवाजाला बाधत नव्हती, पण गिऱ्हाइकाला सांगायलाच हवी, असं त्यांनी दोनदा बजावलं. चीर सांगितली की भाव पडतो. पडू द्यावा. तबला वाजवणाऱ्यांचं जग इतकं लहान आहे की लपवलेली चीर पुढच्या गणपतीच्या आधी सगळ्यांना कळते.

६. पावसाळ्यात ना विका, ना घ्या.

कोकणपट्टीच्या पावसात कातडं दमट हवा पितं, तबला उतरतो, डग्गा ढब्ब वाजतो. विकणाऱ्याला भाव येत नाही आणि घेणाऱ्याला खरा आवाज कळत नाही. उलट एप्रिल-मेच्या तापलेल्या दुपारी सगळेच तबले चढलेले असतात आणि बरे वाटतात, तोही धोकाच. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात प्रामाणिक.

७. काही वाद्यं आपली नसतात, आपल्याकडे असतात.

हा मुद्दा सगळ्यांत अवघड गेला, म्हणून इथे जरा थांबते.

संबळाची जोडी मला एका गोंधळ्यांच्या घरातून मिळाली होती. त्यांची पुढची पिढी नोकरीला लागली, वाजवणारं कोणी उरलं नाही, म्हणून माझ्या शिक्षकांच्या ओळखीने ती माझ्याकडे आली. त्यांनी पैसे घेतले नव्हते. संबळ हे नुसतं वाजवायचं वाद्य नाही. गोंधळाच्या रात्री देवीचं बोलावणं त्याच्यावर होतं. ते विकून मी काळी चारचा तबला घ्यायचा, हे माझ्या बुद्धीला पटेना. पण घरात गुंडाळून ठेवणं हाही त्याचा मान नव्हे. वाजणाऱ्या हातांकडे ते परत जावं, यासाठी मी बरीच विचारपूस केली आणि शेवटी त्याच भागातल्या, अजून गोंधळ घालणाऱ्या एका घरात ते पोचलं. पैशाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी निघाला नाही.

पखवाज आजोबांचा. फणसाचं खोड, गावच्या भजनात वाजलेलं. डाव्या तोंडाला कणीक लावायचं काम लहानपणी माझ्याकडे असे आणि भजन संपल्यावर ती खरवडून काढायचंही. मी पखवाज वाजवत नाही. भावाचं म्हणणं, तो संग्रहालयाला द्यावा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचं एक दालन आहे आणि दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेलं सगळं शेवटी सरकारच्या हवाली केलं, हे मोठंच काम. पण संग्रहालयात जावं असं वाद्य दुर्मिळ तरी असावं किंवा न वाजणारं तरी. आजोबांचा पखवाज दोन्ही नव्हता. नवी पुडी पडली की वाजणार होता. तो गावच्या भजनी मंडळाकडे गेला. भावाला हे पटलेलं नाही आणि त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असंही मला वाटत नाही. मंडळाच्या कपाटात वाद्याची काय हालत होते, हे दोघांनाही माहीत आहे. तरी माझं मत बदललं नाही.

८. परदेशातल्या भाच्याला विकायचं असेल तर आधी लाकूड कुठलं ते बघा.

न्यू जर्सीतल्या भाच्याला माझा एक शिसवी तबला हवा होता. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या कुळातली जवळजवळ सगळी झाडं ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेली आणि शिसवी वाद्यं सीमेपार विकणाऱ्यांना परवान्यांची कटकट सुरू झाली. जगभरच्या गिटारवाल्यांनी आणि वाद्यवृंदांनी ओरड केली, तेव्हा २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तरी कुरिअरवाला विचारतो, म्हणून लाकडाचं नाव बिलावर नीट लिहिलेलं असावं. माझ्याकडून तो सौदा झाला नाही, तो वेगळ्याच कारणाने: थंडीत तिकडची घरं यंत्राने तापवलेली आणि हवा पार कोरडी, आणि त्याला तबला दिवाणखान्यातल्या हीटरशेजारी ठेवायचा होता. मी त्याला तिकडेच नव्या पुडीची एक साधी जोडी घ्यायला सांगितलं. तो थोडा रुसला.

९. विद्यार्थ्याला विकताना भाव आधी ठरवा आणि मग नातं आठवा.

उलट क्रमाने केलंत तर फुकट द्यावा लागतो. आणि फुकट मिळालेल्या तबल्यावर मुलं चहाचा कप ठेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अनोळखी गिऱ्हाईक मात्र नुसता फोटो बघून “शेवटचे किती?” विचारतं. त्याला मी एकच सांगायची, या, बसा, वाजवून बघा. येणारे फार थोडे. जो येऊन अर्धा तास नुसता ‘ना’ आणि ‘तीं’ वाजवत बसला, एकही कायदा वाजवून दाखवला नाही, त्यालाच माझा आवडता काळी एकचा गेला. दुसरा, चीर असलेला, माझ्याच एका विद्यार्थिनीने घेतला. तिला चीर दाखवली तर ती म्हणाली, “बाई, मला पंचमापुरताच लागतो.” मुलगी शिकली आहे.

१०. नवा तबला मैफलीत टिकल्याखेरीज जुना घराबाहेर काढू नका.

दुकानात नवा तबला सुंदरच वाजतो. तिथे शांतता असते, तंबोरा नसतो, माइक नसतो आणि आपल्याला तो घ्यायचा असतो. त्याची खरी परीक्षा विलंबित एकतालात दिवे तापल्यावर होते: तासाभरात किती चढतो-उतरतो, सगळी घरं सारखी लागतात का, एका बाजूने चढवला की दुसरी बाजू कुरकुरते का. घरोघरी हातोडी मारत फिरावं लागत असेल तर पुडीचा गजरा किंवा खोडाची कड सरळ नाही, आणि ते दोष घरी आल्यावर जात नसतात. पुडीवाल्या काकांनी माझ्यासाठी खैराचं, सहा इंचांपेक्षा किंचित मोठ्या तोंडाचं खोड शोधलं आणि पुडी चढवून दिली. मी व्यवहार पुरा करण्याआधी त्याला दोन बैठकींत घेऊन गेले. पहिल्या बैठकीत गायिका काही बोलल्या नाहीत. दुसरीत मारवा झाला आणि नंतर त्यांनी विचारलं, “हा कुठून आणलास?”

११. जोडी घ्यायला निघालात तरी जोडीच घ्यावी असं नाही.

नव्या तबल्याबरोबर काका नवा डग्गाही द्यायला तयार होते. घरचा तांब्याचा डग्गा त्याच्याशेजारी ठेवून पाहिला. ढाल्या तबल्याला त्याचा घुमारा इतका चपखल बसला की नव्या डग्ग्याचा विषय तिथेच संपला आणि जवळजवळ निम्मे पैसे वाचले. वाचले म्हणजे तसे कागदावरच. दोन तबले आणि स्टीलचा डग्गा विकून आलेल्या रकमेत नव्या तबल्याचा निम्मा खर्चही निघाला नाही. बाकीचे शिकवणीच्या पैशांतून घातले. पखवाजाची पुडी वेगळी.

ढोलकीचं अजून ठरलेलं नाही. ती टिपेची आहे, मला वाजवता येत नाही, आणि तिच्यासाठी एक माणूस दर आठवड्याला फोन करतो. भाव चांगला सांगतो. पण तो एकदाही येऊन वाजवून बघायला तयार नाही.